बुधवारी लेक धाडत नाहीत

ताप उतरला तेव्हा खोलीतले सगळे हसले आणि मला घाम फुटला.

मंगळवारची संध्याकाळ होती. धुळ्याच्या देवपुरातल्या एका दवाखान्यात माझी लेक सातव्या महिन्याचं पोट घेऊन पडली होती. डेंग्यू. कितीतरी दिवस तापाने फणफणलेली ती पोर त्या संध्याकाळी गार लागली. सिस्टरने थर्मामीटर उजेडाकडे धरून पाहिलं, "नॉर्मल आहे काकू," म्हणाली, आणि आमच्या ह्यांनी तिथल्या तिथे वर बघून हात जोडले. विहीणबाई दुपारीच चोपड्याहून आल्या होत्या. त्यांनी सुनेच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"गया ताप एकदाना," त्या म्हणाल्या. "आते सकायमा गाडी लई येसूत. पोर आपला घर जाई."

सकाळी घरी जायचं म्हटल्यावर लेकही हसली. तिला त्या सलाइनचा, त्या खोलीचा, आणि खरं सांगायचं तर माझाही कंटाळा आला होता. आजारी माणसाला माझ्यासारखी बाई उशाशी असली की अर्धा ताप तिचाच असतो.

माझा स्वभाव तिखट. सारा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. पाठीमागे पोरं मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, आणि ते काही खोटं नव्हतं. मांजर आडवं गेलं की मी मुद्दाम दोन पावलं पुढे टाकायचे. अमावास्येला नवी साडी नेसून शाळेत जायचे आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना ती दाखवत फिरायचे. लेकीच्या लग्नाच्या बैठकीतही मी मुहूर्तावरून आणि वारावरून वाद घातला होता. हॉल ज्या दिवशी मिळेल तो दिवस शुभ, असं सगळ्यांसमोर ठणकावलं होतं. विहीणबाई एका वाराला नको म्हणाल्या, मी हसले. मग त्या डोक्यावरचा पदर सारखा करून नुसत्या बसून राहिल्या. ह्यांनी घरी आल्यावर मला म्हटलं, "अगं, मुलीची आई आहेस, जरा जिभेला हाड असू दे." मी म्हटलं, हाड नसतंच जिभेला, शरीररचना वाचा.

तर अशी मी. आणि माझ्याच घरात माझ्या लेकीला डास चावला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पोर येणार म्हणून मी घराचा कोपरा न् कोपरा घासला होता. धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा सगळी गल्ली कामधंदा टाकून धावते आणि टाकी, ड्रम, हंडे, पातेली, सगळं भरून ठेवते. बाळंतिणीला पाणी जास्त लागणार, म्हणून मी न्हाणीमागे एक निळा ड्रम आणखी ठेवला होता. राखीवचा. त्यातलं पाणी वापरायचं नाही, कमी झालं तर वरून भर घालायची, असा मीच कायदा केला होता. झाकणही होतं. पण झाकणावर ह्यांचा दाढीचा मग, मगाशेजारी साबण, असं करता करता ते झाकण जरा सरकलेलं असायचं. ते कुणी पाहिलं?

पाहिलं महापालिकेच्या मुलीने. लेक दवाखान्यात दाखल झाल्यावर ती टॉर्च घेऊन घरी आली. मी तिला म्हटलं, बाई, आमच्याकडे घाण नाही, गटारं बघा त्या टोकाला. ती म्हणाली, "काकू, या डासाला घाणीचं पाणी नको असतं, आपल्या पिण्याचं लागतं." हे मला ती सांगत होती! मी, जिने वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने अंडं, अळी, कोष आणि डास काढला! पांढरेपट्टेवाला डास, दिवसा चावतो, मादीच चावते, अंडी पाण्यात नाही तर पाण्याच्या वरच्या ओलसर कडेला चिकटवते, ती कोरडीसुद्धा महिनोन्महिने जगतात, पाणी चढलं की फुटतात. सगळं पाठ. मुलीने ड्रमातलं पाणी पांढऱ्या ताटलीत घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. मी भर घालायचे तेव्हा पाणी कडेपर्यंत चढायचं, आणि कडेला चिकटलेल्यांची सोय मीच करत होते.

मी तो ड्रम रस्त्यावर आडवा पाडला. सोन्यासारखं पाणी वाहून गेलं, गल्लीतल्या बाया बघत राहिल्या. मग तारेच्या घासणीने आतून इतका घासला की प्लास्टिकचा भुगा निघाला. पण चावलेला डास चावून गेला होता. कुणातरी आजाऱ्याचं रक्त प्यायलेली ती मादी, त्यातला विषाणू पोटात वाढवून, माझ्या पोरीच्या हातावर बसली होती. दुपारी, माझ्याच माजघरात, पोर झोपलेली असताना.

ही गोष्ट विहीणबाईंना कळली होती. त्यांनी ती तोंडावर बोलून दाखवली नाही, पण कळली होती. दुपारी आल्यापासून मी समोर आले की त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

भेटायला येणाऱ्यांचा तर ऊत आला होता. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी किवी आणली, मागच्या गल्लीतल्या चाची रोज सकाळी बकरीचं दूध देऊन जायच्या आणि मला दिलासा द्यायच्या. प्रत्येकजण एकच विचारायचा: ताप किती आहे? जणू ताप हाच आजार. मलाही तसंच वाटत होतं. पुस्तकातला धडा डासापाशी संपायचा. डास चावल्यावर माणसाचं पुढे काय होतं, ते मी कधी शिकवलंच नव्हतं.

ते मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल ती पोरगी. सोमवारी तिने मला बाहेर बोलावलं होतं.

"काकू, ताप उतरला की लोक पेढे वाटतात," ती म्हणाली. "डेंग्यूत मी नेमकी त्याच दिवशी पेशंटवरची नजर काढत नाही. ताप गेल्यावरच्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. रक्त घट्ट होतं, ब्लडप्रेशर पडतं. सगळ्यांना होत नाही. पण ज्यांना होतं त्यांना वेळ फार थोडा मिळतो. यांच्या पोटात बाळ आहे. मी सांगेपर्यंत हलवू नका."

म्हणून मंगळवारी संध्याकाळी सगळे हसले तेव्हा मला हसता आलं नाही.

मी विहीणबाईंना हे सगळं सांगितलं. शांतपणे सांगायला गेले, पण माझा शांतपणा म्हणजे वर्गातला शांतपणा. समोरच्याला आपण नापास झालोय असंच वाटतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"याहीनबाई, तुम्ही शिकेल शेत," त्या म्हणाल्या. "पन आंग गार शे, पोर बोलस, हसस. चोपडाले बी डाक्टर शेत. तठे घर शे, मानसं शेत." थोडं थांबून त्या हळूच म्हणाल्या, "आनि तठे मच्छर नही."

बस्स. तो एक घाव होता आणि तो बरोबर बसला.

ह्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "त्यांची सून आहे. सही करून नेतील म्हणाल्या तर आपण काय अडवणार? पुन्हा पोरीला आयुष्य तिकडेच काढायचंय." लेक म्हणाली, "आई, जाऊ दे ना गं. मला बरं वाटतंय." जावई चोपड्याला होते, केळीची गाडी भरायची होती, फोनवर म्हणाले, "आई म्हणते तसं करा." कुणाची आई, तेही विचारायची सोय नव्हती.

धुळ्याहून चोपडा म्हणजे अमळनेरवरून दोन-अडीच तासांचा रस्ता, त्यात खड्डे. सातवा महिना. रक्तवाहिन्या झिरपणार असतील तर त्या गाडीत झिरपणार. पोरीला पोटात दुखलं तर ती म्हणेल गाडी लागली. सुस्त झाली तर म्हणतील झोप लागली. मला हे डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते थांबवायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. विज्ञान सांगून झालं होतं. डॉक्टरीणबाईंचं पुन्हा समजावून झालं होतं. विहीणबाईंनी तिच्यापुढेही नुसती मान हलवली आणि जावयाला गाडी सांगायला लावली.

त्या पिशवी आवरायला लागल्या. बिछान्याखालची चप्पल काढून त्यांनी पोरीच्या पायाशी ठेवली. ती चप्पल बघून माझं डोकं बधिर झालं. आणि मी बोलले.

"उद्या बुधवार आहे."

त्यांनी वर पाहिलं.

"जाशील बुधी, येशील कधी," मी म्हटलं. माझी आई म्हणायची तसं, त्याच सुरात. "बुधवारी लेक सासरी धाडत नाहीत आमच्यात. पोटुशी लेक तर नाहीच नाही. मी ओटी भरणार नाही."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच ताप चढलाय. लेकीचं तोंड उघडं राहिलं. मी कुणाकडेही न बघता विहीणबाईंकडे बघत राहिले. हात मी पदरात घट्ट गुंडाळले होते.

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं आता हसतील. लग्नाच्या त्या बैठकीचं उट्टं काढतील. त्यांनी ते काढायलाच हवं होतं, मी असते तर सोडलं नसतं.

"हां," त्या म्हणाल्या. "बुधवारले आंडेर धाडतस नही. गुरवारले जासूत."

आणि चप्पल पुन्हा बिछान्याखाली सरकवली.

बुधवारची सकाळ बरी गेली. इतकी बरी की मला लाज वाटायला लागली. पोर उठून बसली, इडली खाल्ली, जावयाशी फोनवर बोलली, मला चिडवलं, "काय गं आई, आता उद्या राहुकाळ बघायचा का?" विहीणबाई खुर्चीत जपमाळ ओढत होत्या. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही, पण पेपर हलत होता, हसत होते. मी मनात म्हटलं, हसा. माझं नाक कापलं गेलं तरी चालेल, संध्याकाळ होऊ दे.

जेवणाची वेळ टळली तेव्हा पोर म्हणाली, "आई, पोटात कसंतरीच होतंय."

"बाळ फिरत असेल," विहीणबाई म्हणाल्या.

"नाही. वर दुखतंय. इथे."

मी तिचा हात हातात घेतला. गार होता. कालचा गार वेगळा, हा गार वेगळा. आजचा हात ओलसर होता, बोटांची टोकं फिकी पडली होती. ती सारखी कूस बदलत होती, चादर ओढत होती, फेकत होती. "मला बाहेर जाऊ द्या," असं काहीतरी म्हणाली. मी ओरडले. दवाखानाभर ऐकू गेलं असेल.

सिस्टर धावत आली, ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला. तिसऱ्यांदा फुगवताना ती माझ्याकडे बघेना. मग डॉक्टरीणबाई आल्या आणि खोलीत एकदम माणसं झाली. दोन्ही हातांना सलाइन. "फास्ट सोडा." "रक्त पाठवा, आत्ता." आम्हाला बाहेर काढलं. दार लोटलेलं होतं, फटीतून मला फक्त पोरीचे पाय दिसत होते. मी पाय हलतात का बघत होते. मध्ये ते हलेनासे झाले. माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही, पण ते देवाचं नाव होतं, असं हे नंतर म्हणाले. म्हणू देत.

विहीणबाई माझ्या शेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. जपमाळ हातातून गळून पडली होती, ती त्यांनी उचलली नाही.

मग आतून आवाज आला. बाळाच्या ठोक्यांचं यंत्र लावलं होतं. भरभर, धडधड, एकसारखा. डॉक्टरीणबाईंनी ते मुद्दाम मोठं केलं असेल, आम्हाला ऐकू यावं म्हणून. मी इतकं गोड काही ऐकलेलं नाही. विहीणबाईंनी माझा हात पकडला. त्यांची नखं मला रुतत होती.

"चालू शे," त्या म्हणाल्या. "पोऱ्यानं चालू शे."

पोऱ्या नव्हता, पोर होती, पण ते पुढे कळलं. दिवेलागणीला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "प्रेशर आलं," म्हणाल्या. "अजून धोका संपलेला नाही. पण इथे होत्या म्हणून जमलं." बस, एवढंच. रस्त्यात असत्या तर, हे त्या बोलल्या नाहीत. गरजच नव्हती. आम्ही तिघांनीही ते ऐकलं.

गुरुवारी कुणी गाडीचं नाव काढलं नाही. पोर आणखी काही दिवसांनी घरी आली, माझ्या घरी, घासलेल्या ड्रमांच्या घरी. झाकणावर मग ठेवायची ह्यांची हिंमत झाली नाही. थंडीत नात झाली. विहीणबाई बारशाला आल्या, माझ्या हातचं जेवल्या, आणि त्या बुधवारबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र वाटायचं, या बाई चोपड्यात घरोघर सांगत असतील: बुधवार पाळला म्हणून सून वाचली. जिने जन्मभर वारांची टिंगल केली, त्या मास्तरणीनेच पाळला! मी एक खोटं बोलले होते आणि ते आता एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात, असं पसरत जाणार. पसरणाऱ्या गोष्टी कशा पसरतात ते मला चांगलं ठाऊक होतं. ज्याला आजार होतो त्याला आपण तो पसरवतोय हे कळतही नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी विहीणबाईंचा फोन आला. नात बरी होती, लेक बरी होती. फोन दुसऱ्याच कामाचा होता. त्यांच्या शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या एका पोराला डेंग्यू झाला होता. दवाखान्यात होता. ताप सकाळीच उतरला. घरचे गाडी घेऊन निघत होते, पोराला घरी आणायला.

"आज गुरवार शे," त्या म्हणाल्या.

झालं. गुरुवार म्हणजे चांगला वार. बुधवार टळला म्हणजे सगळं टळलं. जे माझ्या लेकीला वाचवून गेलं, तेच त्या पोराला मारणार होतं, आणि ते मी सोडलेलं होतं.

"विहीणबाई, ऐका," मी म्हटलं. "मी खोटं बोलले होते. बुधवार वगैरे काही नसतं. मी तो मानत नाही, कधीच मानला नाही. मला तुम्हाला थांबवायचं होतं, दुसरं काही सुचलं नाही. वार कोणताही असो, ताप उतरला तोच दिवस जोखमीचा. त्या लोकांना थांबवा. माझ्यावर रागवा नंतर, पण आधी थांबवा."

मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"लगीनमा तुम्ही आंडेर कव्हय धाडी व्हती? बुधवारलेच ना? हॉल बुधवारना भेटेल व्हता. मी म्हनं, बुधवार नको. तुम्ही हसन्यात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माले याद शे. ज्या बाईनी बुधवारले हसतहसत आंडेर धाडी, तीच बाई दवाखानामा बुधवारनं नाव लेस. मंग ती कितली घाबरेल व्हई? डाक्टरीननं माले समजनं नही. पन तुमनं घाबरनं समजनं. म्हनीसन गाडी रद्द करी."

मी खाली बसले. हे विचारत होते काय झालं, काय झालं, मी हाताने त्यांना गप्प केलं. लग्नाचा तो दिवस बुधवार होता, हे मी साफ विसरले होते. त्या चप्पल सरकवत होत्या तेव्हा त्यांना ते आठवत होतं. त्या तेवढ्या वेळात त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते हेच पाहिलं होतं.

"आते रडू नका," त्या म्हणाल्या. "त्या पोऱ्यानी माय मनाजोडे उभी शे, गाडीमा बसाले निंघनी. ती मनं ऐकत नही. तुम्ही बोला. आनि वारनं नाव लेऊ नका, आज गुरवार शे."

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. मग एका अनोळखी बाईचा धापा टाकणारा आवाज: "हां, बोला मास्तरीनबाई, काय शे? आमनी गाडी उभी शे."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ताई, गाडी परत पाठवा. माझ्या लेकीचा ताप मंगळवारी उतरला होता. बुधवारी तिचे पाय हलायचे थांबले. मी दारातून बघत होते."